सोसणं आणि लागू पडणं

आत्याची वही दोनशे पानी आहे. निळ्या पुठ्ठ्याची, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. पहिल्या पानावर टपोऱ्या अक्षरात 'श्री', त्याखाली 'लिथियम', आणि मग पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, गोळीची वेळ, आकडा, शेरा. ०.७, 'झोप बरी'. ०.८, 'हात थरथरतो, चहाची बशी वाजते'. ०.६, 'ठीक'. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आकडा समोर नसला की तिला चैन पडत नाही. तिच्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. घरात त्याला बरीच वर्षं नावच नव्हतं, 'हिचं परत सुरू झालं' एवढंच म्हणायचे.

दर तीन-चार महिन्यांनी ती लॅबमध्ये जाते, तेव्हा बरेचदा मी सोबत असतो. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "शेवटची गोळी किती वाजता घेतली, आजी?" आत्या म्हणते, "साडेनऊला. आणि आजी म्हणू नकोस." मग आम्ही साडेनऊ वाजेपर्यंत बाकावर बसतो. लिथियमचं रक्त गोळीनंतर बरोबर बारा तासांनी काढायचं असतं. सकाळची गोळी घेऊन आलं तर आकडा उगाच फुगलेला येतो आणि डॉक्टर घाबरून डोस उतरवतात. एकदा नवा मुलगा हिरव्या टोपणाची नळी घेऊन आला, तर आत्याने हात मागे घेतला. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत जे हेपरिन घातलेलं असतं, ते बहुधा लिथियमचंच क्षार असतं. म्हणजे रुग्णाच्या रक्तात नळीचं लिथियम मिसळणार आणि आकडा भलताच येणार. मुलगा बघतच राहिला. त्याने निमूटपणे लाल टोपणाची नळी काढली.

ही वही मी पूर्वीही चाळली होती, पण एका पानापाशी मला थांबावं लागलं ते चार वर्षांपूर्वी. त्या पानावर लाल शाईत १.८ लिहिलंय आणि शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'दिवे घाट'.

लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात ठेवतात. १.५ च्या वर ते विषासारखं वागायला लागतं. औषध आणि विष यांच्यातली वाट इतकी अरुंद असलेली औषधं फार थोडी. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियम वापरून पाहिलं. रक्तातलं लिथियम नेमकं मोजता यायला लागलं, तेव्हाच ते बिनघोर देता येऊ लागलं.

त्या वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघाली आणि आत्या मैत्रिणींबरोबर तो एक टप्पा चालायला गेली. अनेक पुणेकर तेवढाच चालतात, पुढे पंढरपूरपर्यंतचं पुण्य वारकऱ्यांवर सोडून देतात. एकादशीचा उपास, दिवसभरात दोन केळी आणि चहा. वाटेत कुठे जायचं म्हणून पाणी जेमतेम. दिवे घाट चढून सासवडला पोचल्यावर गुडघे सुजले. दुसऱ्या दिवशीपासून केमिस्टकडून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसाला तीन. पाचव्या दिवशी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले, हातातली वाटी सुटली, आणि मोरीपर्यंत जाताना ती दारुड्यासारखी लडखडली. आम्ही म्हटलं, दगदग झाली, ऊन लागलं. शेजारच्या काकूंनी कोकम सरबत दिलं. तिच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "दुखण्याची कुठली गोळी घेतली का?" आणि लगेच रक्त काढायला सांगितलं.

झालं होतं ते असं. लिथियम शरीरात मिठासारखं वावरतं. यकृत त्याला हात लावत नाही. ते बाहेर टाकायचं काम एकट्या मूत्रपिंडाचं, आणि मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद कळत नाही. पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहाला आवर घालतात, त्यामुळे लिथियमचा निचरा आणखी कमी होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तेच. आत्याने रात्रीच्या लिथियमच्या गोळ्या एकही न चुकवता, एकही जास्त न घेता घेतल्या होत्या. डबीतला डोस तोच होता. रक्तातला दुपटीहून वर गेला होता.

त्यानंतर मी हा विषय जरा वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की आत्याचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. तिच्या औषधाचा आकडा तरी मोजला जातो.

*

औषधाबद्दल बोलताना मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. औषध 'लागू पडतं' आणि औषध 'सोसतं'. लागू न पडणं ही एक तक्रार, न सोसणं ही दुसरी. "गोळ्या उष्ण पडल्या", "डोकं जड झालं", "अर्ध्या गोळीत दिवसभर झोपून राहिले" हे सगळं न सोसण्यातलं. "सहा महिने खातोय, काही फरक नाही" हे लागू न पडण्यातलं. दोन्ही झालं नाही आणि गुण आला, तर श्रेय डॉक्टरांच्या हातगुणाला. मला हातगुणाची थट्टा करायची नाही; रुग्णाचं नीट ऐकून घेणारा डॉक्टर खरंच जास्त गुण देतो. पण एकाच कंपनीची, एकाच पॉवरची गोळी एकाला सोसत नाही आणि दुसऱ्याला लागू पडत नाही, यामागे बरेचदा साधं कारण असतं. गोळी तीच असली तरी दोघांच्या रक्तात ती वेगवेगळी पोचलेली असते.

किती वेगवेगळी? स्वीडनमध्ये फोल्के शोक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये नैराश्यावरच्या त्या काळच्या गोळ्या सारख्याच प्रमाणात घेणाऱ्या माणसांची रक्तातली पातळी मोजली, तर फरक तिसेक पटींचा निघाला. मग १९६९ मध्ये त्यांनी जुळी भावंडं घेतली. एकाच बीजाच्या जुळ्यांची पातळी जवळजवळ सारखी, दोन बीजांच्या जुळ्यांची वेगळी. म्हणजे हे रक्तातलंच, वंशातलंच. पण त्यात एक गंमत होती. जुळ्यांपैकी कुणी दुसरी औषधंही घेत असेल तर एकबीज जुळ्यांतसुद्धा आकडे फाकत होते. जनुकं आणि आयुष्य एकमेकांत कशी गुंततात, ते तिथेच दिसलं होतं.

दुसरी गोष्ट लंडनची. सेंट मेरीज रुग्णालयातले रॉबर्ट स्मिथ यांनी १९७५ च्या सुमारास रक्तदाबाचं डेब्रिसोक्विन नावाचं औषध प्रयोग म्हणून स्वतः घेतलं. सहकाऱ्यांनीही घेतलं. त्यांना काही झालं नाही. स्मिथ मात्र कोसळले, रक्तदाब इतका उतरला की उभं राहवेना. त्यांच्या लघवीत ते औषध जसंच्या तसं, न पचलेलं सापडलं. त्यातून पुढे यकृतातल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, शोध लागला, ज्याचं नाव आज सीवायपी२डी६. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अॅरिपिप्रॅझोल ही मनोविकारांवरची नेहमीची औषधं हाच विकर मोडतो. काहींच्यात तो जन्मतःच निकामी असतो. काहींच्यात त्याच्या जनुकाच्या एकाऐवजी अनेक प्रती असतात; १९९३ मध्ये एका स्वीडिश कुटुंबात त्या डझनभर निघाल्या. अशा माणसाच्या पोटात गोळी जाते आणि रक्तात टिकायच्या आत संपते.

आपण 'पचवणं' म्हणतो तेव्हा पोटाकडे हात नेतो. औषध पचवतं ते यकृत. आणि यकृत हे पोटासारखं तक्रार करत नाही, त्यामुळे तिथे कोण झपाट्याने पचवतंय आणि कोण रेंगाळतंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मंद पचवणाऱ्याला नेहमीचाच डोस जास्त होतो. तो म्हणतो सोसत नाही. झपाट्याने पचवणाऱ्याला तोच डोस तोकडा पडतो. तो म्हणतो लागू पडत नाही. आणि घरचे दोघांनाही म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

*

यातला एक अध्याय थेट पुण्यात लिहिला गेला, आणि तो पुणेकरांनाच फारसा माहीत नाही.

यकृतातला दुसरा महत्त्वाचा विकर सीवायपी२सी१९. एस्सिटॅलोप्रॅम, सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलिन, म्हणजे नैराश्य आणि चिंतेसाठी आज ज्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच याच्या वाटेने जातात. हा विकर निकामी असलेली माणसं युरोपात शंभरात दोन ते पाच. आपल्याकडे प्रमाण कितीतरी जास्त. मुंबईकरांवर झालेल्या १९९० च्या एका अभ्यासात सुमारे पाचातला एक मंद पचवणारा निघाला होता. २००७ मध्ये पुणे विद्यापीठातल्या योगिता घोडके, कल्पना जोशी, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी खास महाराष्ट्रीय लोकांमधल्या या जनुकाच्या रूपांवर निबंध प्रसिद्ध केला. गोळ्यांचे डोस परदेशात ठरतात, परदेशी माणसांवर ठरतात, आणि आपण ते आपल्या यकृतावर जसेच्या तसे उतरवतो. त्यामुळे आपलं यकृत कसं आहे हे आपणच बघायला हवं, हा विचार त्यामागे होता.

या मंडळींनी पुढे आणखी एक धाडसी प्रश्न विचारला. आयुर्वेद माणसांची वात, पित्त, कफ अशी प्रकृती सांगतो, पित्ताचा अग्नी तीव्र, कफाचा मंद म्हणतो. माणूस पाहून औषध द्या, हे चरकसंहितेतलं सूत्र वैद्यांच्या तोंडी असतंच. मग प्रकृती आणि हे जनुक यांचं काही नातं आहे का? २०११ मध्ये त्यांनी १३२ निरोगी माणसांची प्रकृती ठरवून त्यांचं सीवायपी२सी१९ तपासलं. पित्त प्रकृतीच्या ९१ टक्के लोकांत नीट पचवणारं रूप निघालं. मंद पचवणारं रूप कफ प्रकृतीत सर्वांत जास्त, ३१ टक्के. वातात १२ आणि पित्तात ९.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. मग पुन्हा वाचलं आणि जरा सैलावलो. १३२ माणसं तीन गटांत वाटली की प्रत्येक गटात किती उरतात, याचं उत्तर आत्याने तोंडी दिलं आणि नाक मुरडलं. कफातले ३१ टक्के मंद म्हणजे उरलेले ६९ टक्के तसे नाहीत. नुसती कफ प्रकृती बघून डोस उतरवला तर दर दहांत सात वेळा चुकणार. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि पटवर्धन यांचा २०१५ चा मोठा अभ्यास झाला, त्यात २६२ पुरुषांच्या साऱ्या जनुकसंचावरून नजर फिरवली आणि पित्ताशी जोडलेलं म्हणून वेगळंच, पीजीएम१ हे जनुक पुढे आलं. तेव्हा 'आयुर्वेदाने हे आधीच सांगितलं होतं' म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरवण्याइतकं हे पिकलेलं नाही. तरीही मला हा पुण्याचा प्रश्न आवडतो. 'सगळ्यांना एकच मात्रा' या हट्टाला तो आतून, आपल्या भाषेतून धक्का देतो.

'महाराष्ट्रीय' या शब्दाचीही एक अडचण आहे, आणि ती पुण्यातच कुणीतरी कधीच दाखवून ठेवली आहे. डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे यांनी आयुष्यभर माणसं मोजली. १९६८ मध्ये त्यांनी कैलास मल्होत्रांबरोबर एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. वरून एक दिसणारे, एकाच नावाने ओळखले जाणारे गट आतून एक असतीलच असं नाही, हा त्यांचा आग्रह. शतकानुशतकं आपापल्यात लग्नं केलेल्या गटांची जनुकंही आपापली साचत जातात. त्यामुळे 'मराठी माणसाची सरासरी' हा आकडा कुठल्या गल्लीतून माणसं गोळा केली त्यावर हलू शकतो.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आंध्र-तेलंगणातला आणि आपल्या नांदेड-मराठवाड्यातलाही आर्यवैश्य, म्हणजे कोमटी समाज. शॉक देताना (विजेच्या उपचाराला लोक अजून तसंच म्हणतात) स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलिन नावाचं इंजेक्शन देतात. रक्तातला एक विकर ते काही मिनिटांत मोडतो आणि रुग्ण आपोआप श्वास घ्यायला लागतो. या समाजातल्या काहींच्यात तो विकरच जवळजवळ नसतो. त्यांचा श्वास मिनिटांऐवजी तासन्‌तास परत येत नाही, कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. त्यामागचा जनुकातला नेमका बदल २००६ मध्ये सापडला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे हे इंजेक्शन आता टाळता येत नाही, किंवा त्याच्या जागी दुसरं शोधावं लागतं. तेव्हा 'घरात कुणाला भुलीतून उठायला फार वेळ लागला होता का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जात विचारण्यापेक्षा हा प्रश्न जास्त सभ्यही आहे आणि जास्त उपयोगीही.

*

जनुकं काही बदलत नाहीत. बदलतं ते बाकीचं, आणि त्यात बिडी सर्वांत वर.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं शेवटच्या फळीतलं औषध. बाकीची हरली की ते देतात, आणि अनेकदा ते चमत्कार वाटावा इतकं काम करतं. यकृतात ते मोडणारा विकर सीवायपी१ए२. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरातली काही रसायनं या विकराला चेव आणतात. दिवसाला सात ते बारा सिगारेटी त्यासाठी पुरे. हे काम निकोटीनचं नव्हे, धुराचं. म्हणून गायछाप मळणाऱ्याला हा नियम लागू नाही, बिडी ओढणाऱ्याला आहे. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात क्लोझापिन झपाट्याने संपतं, म्हणून त्याचा डोस चढत जातो.

आता हा माणूस रुग्णालयात दाखल झाला असं समजा. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, रुग्णालय त्यात आलंच. बिडी बंद. यकृताचा चेव काही दिवसांत ओसरतो, डोस तोच, आणि रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहून वर. माणूस लाळ गाळत झोपून राहतो, उठला तर चक्कर येते, क्वचित फिट येते. मग डोस उतरवतात, तो बरा होतो, घरी जातो. फाटकाबाहेर पहिली टपरी. बिडी सुरू, यकृताला पुन्हा चेव, उतरवलेला डोस आता अपुरा. दोन महिन्यांत आवाज परत ऐकू यायला लागतात. घरचे म्हणतात, गोळ्या घेतल्या नाहीत याने. खरं म्हणजे त्याने एकही चुकवलेली नसते. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांत सर्वांत मोठं, २५४० खाटांचं. असल्या इस्पितळातून घरी निघालेल्या किती माणसांच्या पुढच्या आजारपणाचा धागा निपाणीच्या तंबाखूपर्यंत जातो, हा विचार मला तिथल्या भिंतीवरून जाताना येतो.

क्लोझापिनचं आणखी एक. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यातून मृत्यू झाले, त्यातून पुढे सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायची शिस्त आली. म्हणजे सुई टोचली जातेच, नळीभर रक्त निघतंच. त्याच रक्तात क्लोझापिन किती आहे हे मात्र फारसं कुणी पाहत नाही. साधारण मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या वर ते काम करतं असं धरतात. होझे दे लिऑन आणि जगभरच्या अनेक मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिचं म्हणणं असं की पाकिस्तानापासून जपानपर्यंतच्या माणसांना गोऱ्या माणसाच्या साधारण निम्म्या डोसात तीच पातळी गाठता येते. त्यातही बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बाईला सर्वांत कमी. आणि जंतुसंसर्गाचा ताप असेल तर हा विकर आपसूक मंदावतो आणि पातळी उसळते. पुण्यात जुलै ते ऑक्टोबर घराघरात कुणीतरी तापाने आडवं असतं. त्या दिवसांत क्लोझापिनवरचा माणूस अचानक सुस्तावला तर 'तापाने गळाला' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना कळवावं, एवढं तरी घरात माहीत हवं. बेताच्या चहाचं ठीक आहे. पण दिवसाला पाच-सहा कप कडक कॉफी पिणाऱ्यांनी तेही सांगावं, कारण कॅफीन आणि क्लोझापिन एकाच विकराच्या दारात रांग लावतात.

वजनाचा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. केईएम रुग्णालयाच्या (पुण्याच्या, रास्ता पेठेतल्या) डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. दोघे सारखेच सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. मनोविकारांची बरीच औषधं चरबीत मुरतात आणि तिथून सावकाश बाहेर येतात. शिवाय ओलांझापिन, क्लोझापिनसारखी औषधं वजन आणि साखर वाढवतात. हडकुळा दिसणारा मराठी माणूस आतून किती 'जाड' आहे, हे वजनकाटा सांगत नाही. बायकांचं वेगळंच: गर्भारपणात लॅमोट्रिजिनची पातळी घसरते, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही घसरते. हे लग्नाआधी सांगणारे डॉक्टर मला भेटलेले आहेत, न सांगणारेही.

*

ज्या घरात स्किझोफ्रेनिया आहे, तिथे दिवसातून दोनदा एक छोटं नाटक होतं. आई गोळी तळहातावर ठेवते. मुलगा पाणी पितो. आई म्हणते, "जीभ दाखव." मग म्हणते, "वर कर." कधी गोळी गालात असते, कधी नसते, संशय मात्र रोज असतो. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत, पत्नीच्या आजारामुळे हे घर त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'लाही पाठबळ दिलं. २००४ च्या त्या चित्रपटानंतर अनेक मराठी घरांत या आजाराचं नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं.

त्या जीभ दाखवण्याच्या नाटकात रक्ताचा आकडा हा एक निःपक्षपाती साक्षीदार होऊ शकतो. पातळी शून्याजवळ असेल तर गोळी बहुधा गालातच राहत असेल. ती थोडी कमी असेल, आणि औषधाच्या तुलनेत यकृतातून निघालेलं त्याचं मोडकं रूप भरपूर असेल, तर यकृत झपाट्याचं असू शकेल किंवा बिडी सुरू असेल. मुलगा खरं बोलत होता हे कागदावर आलं की त्या घरात काय होत असेल, याची कल्पना मला आत्यामुळे करता येते. १.८ च्या आदल्या संध्याकाळी तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, तिला म्हणाले होते, "तूच जास्त गोळ्या घेतल्यास, आठवत नाही तुला."

असं मोजणं नवलाचं नाही. मुंबईच्या केईएममध्ये औषधांची पातळी मोजण्याची सेवा गेल्या शतकातच उभी राहिली. १९९९ मध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी विकसनशील देशात हे कसं करावं, यावर सविस्तर लिहिलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात क्लोझापिनची पातळी कशाकशाने हलते ते तपासलं गेलं. पुण्यातल्या मोठ्या लॅबमध्ये लिथियम, व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन सहज होतं. बाकीच्या औषधांचं रक्त पुष्कळदा बाहेरगावी पाठवावं लागतं, खर्च येतो, रिपोर्टला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर अंदाजाने डोस चढवतात-उतरवतात. अनुभवी डॉक्टरांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही येतो. माझी तक्रार अंदाज चुकतो तेव्हाची आहे. तेव्हा दोष औषधाला, रोगाला किंवा रुग्णाला जातो. रक्ताला कुणी विचारत नाही.

आणि जनुकचाचणी? आत्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने मागे लिंक पाठवली: थुंकी पाठवा, तुमच्यासाठी कुठलं औषध चांगलं त्याची हिरवी-पिवळी-लाल यादी मिळवा. आत्याने सगळं वाचलं आणि विचारलं, "यात माझं लिथियम कुठाय?" नव्हतंच. लिथियमला यकृतच लागत नाही, तर यकृताच्या विकरांची जनुकं तपासून काय मिळणार! पण नुसती खिल्लीही उडवू नये. नॉर्वेत एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या २०८७ रुग्णांचा २०१८ चा अभ्यास पाहा: सीवायपी२सी१९ निकामी असणाऱ्यांच्या रक्तात औषध ३.३ पट, आणि फार मंद आणि फार झपाट्याने पचवणाऱ्या दोघांचंही वर्षभरात ते औषध सोडून दुसऱ्याकडे जाण्याचं प्रमाण जास्त. अमेरिकेचं औषध प्रशासन अशा मंद पचवणाऱ्यांना, आणि साठीपुढच्यांनाही, सिटॅलोप्रॅम २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नका म्हणतं. दुसरीकडे, २०२२ मध्ये १९४४ अमेरिकी माजी सैनिकांवर जनुकचाचणी करून औषध निवडण्याचा प्रयोग झाला, त्यात नैराश्य ओसरण्यातला फायदा लहानसाच निघाला आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत तोही टिकला नाही. जनुक सांगतं ते एवढंच: हे औषध तुझ्या रक्तात किती काळ राहील. मन कशाने उभारी धरेल हे त्याला ठाऊक नाही. शिवाय जन्मतः उत्तम पचवणारा माणूस पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन घ्यायला लागला की त्याचा सीवायपी२डी६ त्या गोळीनेच दाबला जातो, आणि कागदावरचा जलद माणूस प्रत्यक्षात मंद होतो. थुंकीला हे कळत नाही. रक्ताला कळतं.

आत्याच्या वहीत आता पाचवा रकाना आहे. मूळ चार पट्टीने आखलेले. हा हाताने, जरा वाकडा: 'इतर गोळी?' त्यात बहुतेक ठिकाणी '-'. एके ठिकाणी 'दात काढला, पॅरासिटामोल, डॉ. ना विचारून'. या वर्षी पालख्या पुण्यात आल्या तेव्हा ती लक्ष्मी रस्त्यावरच्या मैत्रिणीकडे गेली होती, जाताना पाण्याची बाटली आणि उपासाला चालणारं मीठ घातलेले शेंगदाणे घेऊन. त्या आठवड्यातली नोंद मी पाहिली. ०.७. शेरा: 'गॅलरीतून दर्शन. गुडघे गप्प.'